सुधारून पुन्हा पाठव

कात्रीकाकांचं खरं नाव पगाराच्या कागदावर तेवढं असायचं. साप्ताहिकाच्या कचेरीत शिपायापासून संपादकांपर्यंत सगळे त्यांना कात्रीकाकाच म्हणत. त्यांना निवृत्त होऊन सतरा वर्षं झाली, साप्ताहिक बंद पडूनही दहा झाली, तरी रस्त्यात कुणी जुनं माणूस भेटलं की "काय कात्रीकाका!" अशीच हाक येते आणि तेही लगेच वळून बघतात. या गृहस्थांनी छत्तीस वर्षं दुसऱ्यांची वाक्यं सुधारली. त्यातलं एक पत्र सुधारायला नको होतं, आणि नेमकं तेच त्यांनी सगळ्यात जीव लावून सुधारलं. त्या पत्राचीच ही गोष्ट आहे, पण आधी त्यांचं काम समजून घ्यायला हवं. त्याशिवाय शहाणासुरता माणूस असं का करेल, हे कुणाला पटायचं नाही.

साप्ताहिकात येणारा सगळा मजकूर छपाईला जाण्याआधी त्यांच्या टेबलावरून जायचा. ऱ्हस्व-दीर्घ बघायला शेजारच्या टेबलावर दुसरे गृहस्थ होते. कात्रीकाकांनी बघायचं ते एवढंच, की वाचणाऱ्याला डुलकी लागू नये. आता पालिकेचा वार्ताहर बातमी द्यायचा ती अशी: "या प्रसंगी अध्यक्ष बोलले. या प्रसंगी सचिव बोलले. या प्रसंगी पाऊस आला. या प्रसंगी आभार मानण्यात आले." चूक म्हणाल तर एक नाही. पण चार ओळींत माणूस पेंगायला लागतो. अशा बातमीवर कात्रीकाका कात्री चालवायचे.

छापखान्यात कागद कापायच्या यंत्राखाली लांबच लांब पट्ट्या पडायच्या, केरात जायच्या. काका त्यांचा भारा रोज सकाळी उचलून आणत. बातमीतलं एकेक वाक्य एकेका पट्टीवर लिहायचं, वाक्य संपलं की तिथेच पट्टी कापायची, आणि सगळ्या पट्ट्या टेबलावर एकीखाली एक मांडायच्या. मग चष्मा कपाळावर चढवून ते नुसत्या उजव्या कडेकडे बघत. कड सरळ रेघेत आली की ते मान हलवत. "सगळी एका उंचीची पोरं कवायतीला उभी केलीत," म्हणत, आणि कामाला लागत.

त्यांच्याकडे पाच साचे होते. खुर्चीमागच्या भिंतीवर पुठ्ठ्यावर लिहूनच ठेवले होते आणि नावंही त्यांनीच ठेवली होती. लहान, सरळ वाक्य म्हणजे ठोकळा. दोन वाक्यं 'आणि', 'पण'नं बांधली की जोडगोळी. कधी, कुठे ते आधी सांगून मग मुद्द्याला हात घालायचा, तो उंबरठा. महत्त्वाची गोष्ट मुद्दाम मागे ठेवून अगदी शेवटी आणायची, तो पाहुणा. आणि पाचवा प्रश्न, त्याला वेगळं नाव काही सुचलं नाही. "एवढ्या पाचांत जग बसतं," असं ते नव्या माणसाला सांगायचे. एक ठोकळा झाला की उंबरठा, मग जोडगोळी, मग परत ठोकळा. कड खालीवर झाली की बातमी चालायला लागते म्हणायचे, आणि खरोखर चालायला लागायची. अध्यक्ष, सचिव आणि पाऊस तेच असायचे, पण वाचताना माणूस मांडवात जाऊन बसायचा.

हे पट्ट्यांचं प्रकरण निर्धोक होतं असं मात्र नाही. एका दुपारी नव्या शिपायानं न विचारता पंखा लावला आणि टेबलावरच्या दोन बातम्या हवेत उडून एकमेकींत मिसळल्या. काकांनी घाईघाईनं गोळा करून खाली पाठवल्या. छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवणारे खिळेमामा डोळे फाडून वाचतात तो काय! पाण्याच्या नव्या टाकीचं अल्पशा आजारानं निधन झालं होतं आणि तिच्यामागे दोन मुलगे, सुना असा परिवार होता. मामा ती पट्टी हातात नाचवत जिना चढून वर आले. त्यानंतर पुढची कित्येक वर्षं त्या टाकीवरून जाताना दोघं हात जोडायचे.

आता एक गोष्ट कचेरीबाहेरच्या कुणाला ठाऊक नव्हती. काकांची तांबडी पेन्सिल ज्याच्या कागदावर जास्त चालायची, त्याच्याबद्दल त्यांना जास्त आस्था असायची. ज्याचं काही होण्यातलं नाही, त्याचा मजकूर ते कोपऱ्यात बरोबरची खूण करून सोडून देत. संपादकांचा अग्रलेख मात्र रक्तबंबाळ होऊन परत जायचा, आणि संपादक तो कागद सगळ्यांना अभिमानानं दाखवत फिरायचे. कचेरीत हे सगळ्यांना समजायचं. काकांना वाटायचं, जगालाही समजत असणार.

घरी बायको आणि एकुलती एक लेक. लेकीला लाडानं बबडी म्हणत, आणि ती आज पन्नाशीला आली तरी काकांच्या तोंडी तेच आहे. ती लहान असताना काका संध्याकाळी खिशातून पट्ट्या घेऊन यायचे. बापलेक जमिनीवर पालथे पडून मांडामांड करायचे. "आमची सायकल" हा तिचा शाळेतला निबंध होता. सायकल लाल आहे. सायकलला घंटी आहे. सायकल बाबांची आहे. बाबा विचारायचे, "आता यातला पाहुणा कोण?" ती पट्ट्या वरखाली करायची, जीभ बाहेर काढून विचार करायची आणि म्हणायची, "घंटी! घंटी शेवटी वाजू दे." स्वयंपाकघरातून आई ओरडायची, "अहो, उठा आता! कागदांनी घर भरलंय, पाय ठेवायला जागा नाही." दोघंही उठायचे नाहीत. काकांना विचाराल तर आयुष्यातला सगळ्यात सुखाचा काळ तो, आणि त्यात तिळमात्र अतिशयोक्ती नाही.

एकोणिसाव्या वर्षी बबडी परिचारिकेचं शिक्षण घ्यायला दुसऱ्या गावी गेली. बसनं सात तास लागायचे. पोरगी पहिल्यांदाच घराबाहेर राहणार होती. स्टँडवर आई रडली, बाबा ट्रंकेची कडी तपासत बसले. आठव्या दिवशी पत्र आलं, तेही कचेरीच्या पत्त्यावर, बाबांच्या नावानं. काकांचा आनंद गगनात मावेना. "माझ्या लेकीचं पत्र!" असं त्यांनी तीनदा सांगितलं. त्यात असं लिहिलं होतं:

"तीर्थरूप बाबांस, सा. न.
मी पोचले. मी खोली पाहिली. मी सामान लावलं. मी दोन मुलींशी बोलले. मी जेवले. मी आज वॉर्ड पाहिला. मी एक म्हातारे पेशंट पाहिले. मी त्यांना पाणी दिलं. मी वेळेवर झोपते. मी बरी आहे. काळजी नसावी."

काकांनी ते दोनदा वाचलं, आणि मग हात आपोआप पेन्सिलीकडे गेला. त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही. अख्खी जेवणाची सुट्टी त्या एका कागदावर घालवली, अग्रलेखाला दिली नसेल एवढी नजर दिली. समासात बारीक अक्षरात लिहिलं: अकरापैकी दहा वाक्यं 'मी'नं सुरू. लांबी सगळ्यांची एक. खोलीपाशी लिहिलं, इथे उंबरठा घे, दार उघडल्यावर काय दिसलं? 'जेवले'पाशी, इथे जोडगोळी शोभेल. म्हाताऱ्या पेशंटपाशी, पाहुणा शेवटी येऊ दे. 'मी बरी आहे' याच्या शेजारी, इथे एखादा प्रश्न चालेल. आणि तळाशी, सही करावी तसं ठसठशीत: सुधारून पुन्हा पाठव.

खिळेमामा चहाला वर आले होते. त्यांनी खांद्यावरून डोकावून बघितलं.

"काका, हे काय चाललंय?"

"पत्र आलंय बबडीचं. जरा कच्चं आहे. पण हात आहे हो पोरीला!"

"पत्राला माणूस पत्र पाठवतो, काका. प्रूफ नाही."

"तुम्हाला काय कळतंय? आमचा खेळ आहे तो," काका हसून म्हणाले. पाकीट चिकटवलं आणि कागद जसाच्या तसा परतीच्या टपालानं रवाना केला. सोबत चिठ्ठीसुद्धा घातली नाही. एवढ्या तांबड्या पेन्सिलीत सगळं आलंच, असा त्यांचा हिशेब होता.

सुधारलेलं पत्र काही आलं नाही. पोरगी अभ्यासात असेल, काका म्हणाले. मग तिची पत्रं आईच्या नावानं घरी यायला लागली. आई ती वाचून तोंडी सांगायची: परीक्षा झाली, तिथेच नोकरी लागली, तिथल्याच एकाशी लग्न ठरवतेय, माणूस चांगला आहे. पुढे टेलिफोन आला, तोही आईलाच. बबडी सुट्टीत यायची, बाबांना वाकून नमस्कार करायची, त्यांना आवडतात ते पेपरमिंट आणायची. कुठे म्हणजे कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. मुली आईच्याच असतात, असं काका लोकांना सांगायचे आणि स्वतःलाही. कुठेतरी टोचत होतं, पण टोचतंय कशानं, हे शोधायला ते कधी बसले नाहीत.

गेल्या वर्षी बायको गेली. बावन्न वर्षांचं घर एका आठवड्यात मुकं झालं. तेव्हापासून दर रविवारी सकाळी दहाला बबडीचा फोन यायचा, आता बाबांना.

"जेवण होतंय ना वेळेवर?"

"हो."

"औषधं घेता?"

"घेतो."

"गुडघा?"

"आहे तसाच."

"बरं. ठेवते."

दर रविवारी हेच. पंधरा-वीस रविवार झाल्यावर काकांच्या लक्षात आलं, की हे सगळं बोलणं पट्ट्यांवर लिहून मांडलं तर उजवी कड फूटपट्टी लावल्यासारखी येईल. पहिल्यांदा त्यांना हसू आलं. मग पुढच्या रविवारी फोन ठेवल्यावर ते बराच वेळ तिथेच खुर्चीत बसून राहिले. लेकीशी धड बोलता येत नाही आणि वय सत्त्याहत्तर, हे एकदम त्यांच्या ध्यानात आलं.

शर्टाचं बटण तुटलं म्हणून त्यांनी एका दुपारी शिवणयंत्राचा खण उघडला. बटणांच्या डब्याखाली दुसरा, चपटा पत्र्याचा डबा होता. त्यात बबडीची पत्रं होती, तारीखवार लावलेली. बायकोच्या डब्यात हात घालायचा नाही हा नियम त्यांनी बावन्न वर्षं पाळला होता. त्या दिवशी मोडला. सगळ्यात वरचं पत्र उघडलं. चारच ओळी होत्या.

"आई, मी बाबांना पत्र लिहिलं होतं. त्यांनी ते तपासून परत पाठवलं. आता मी तुलाच लिहीन. बाबांना यातलं काही सांगू नकोस, त्यांना वाईट वाटेल."

काकांना आधी काही आठवेचना. कुठलं पत्र? मग तो जेवणाचा डबा आठवला, न उघडलेला. खिळेमामांचं "प्रूफ नाही" आठवलं. समास आठवला, आणि समासातलं आपलं बारीक, सुंदर अक्षर. हातातलं बटण खाली पडून पलंगाखाली गेलं, ते त्यांनी शोधलं नाही. आणि बायको? तीस वर्षं शेजारी राहून तिनं एका शब्दानं सांगितलं नव्हतं. लेकीनं सांगू नको म्हटलं, तिनं नाही सांगितलं. काकांना तिचा रागही आला, आणि ती नाही म्हणून तो राग काढायला जागा नव्हती.

दुसऱ्या दिवशी ते लिहायला बसले. माफी मागायची होती, आणि मागायची तर नीट मागायची. मांडून, पारखून, उत्तम माफी! पट्ट्यांसाठी आता छापखाना नव्हता म्हणून जुन्या कॅलेंडरची पानं कापली. तीन दिवस जेवणाचं टेबल अडलं. सुरुवातीला उंबरठा: "आयुष्याच्या या टप्प्यावर मागे वळून पाहताना..." मग जोडगोळी, मग एक ठोकळा, मध्ये प्रश्न, शेवटी पाहुणा म्हणून 'क्षमा' हा शब्द. कड कशी झकास खालीवर झाली होती! संध्याकाळी खिळेमामा आले. हल्ली त्यांना दिसतं कमी, म्हणून काकांनी मोठ्यानं वाचून दाखवलं.

मामांनी कपातला चहा संपवला. मग म्हणाले, "काका, माफी मागताय की अग्रलेख लिहिताय?"

"कुठे खटकलं?"

"खटकलं कुठेच नाही. तेच तर म्हणतोय. पोरीला आता हे छापायला द्यायचंय का?"

काका चिडले. चिडल्यावर ते भांडी घासायला घेतात, तशी त्या दिवशीही घेतली, घासलेलीच पुन्हा. मामा काठी टेकत घरी गेले. मग काकांनी हात पुसले आणि औषधाच्या दुकानातून आलेल्या कागदाच्या पाठीवर, ओट्यापाशी उभ्यानंच लिहिलं:

"बबडी,
मी आईच्या डब्यातलं तुझं पत्र वाचलं. मी ते वाचायला नको होतं. मी त्या वेळी चुकलो. मी तुझी वाक्यं वाचली. मी तुझं पत्र वाचलंच नाही. मी रविवारी सकाळपासून फोनची वाट बघतो. मी फोनवर बोलत नाही कारण मला बोलता येत नाही. मी इथे एकटा असतो. मी तुझी माफी मागतो.
बाबा"

वाचून बघितलं तर नऊच्या नऊ वाक्यं 'मी'नं सुरू झालेली. छत्तीस वर्षांच्या सवयीनं हात खिशाकडे गेला. काकांनी पेन्सिल खिशातून काढली, बटणांच्या डब्यात टाकली, झाकण लावलं, आणि चपला घालून, आपला बेत बदलायच्या आत, कोपऱ्यावरच्या पेटीत पाकीट टाकून आले.

रविवारी दहाला फोन आला. जेवण, औषधं, गुडघा. मग ती म्हणाली, "तुमचं पत्र मिळालं."

"हं."

"बरं. ठेवते."

काकांनी फोनकडे असं बघितलं की जणू त्यानंच तिचं पुढचं बोलणं खाल्लं असावं. पुढचा रविवारही तसाच गेला, पत्राचं नावसुद्धा निघालं नाही. झालं, संपलं, त्यांनी मनाशी म्हटलं. लिहिलं तेच चुकलं असेल. निदान शेवटचं वाक्य तरी बदलायला हवं होतं. खिळेमामांना त्यांनी सांगितलं, "तुमचं ऐकून ठोकळे पाठवले, बघा काय झालं." मामा म्हणाले, "थांबा हो जरा. टपाल आहे ते, पंखा नाही." काकांना हसायची इच्छा नव्हती, तरी टाकी आठवून हसू आलंच.

मंगळवारी जाड पाकीट आलं. वर बबडीचं अक्षर होतं आणि नाव बाबांचं. काकांनी ते कात्रीनं उघडायच्या ऐवजी बोटांनीच उघडलं, वेडंवाकडं फाटलं.

आत दोन कागद होते. पहिला पिवळा पडलेला, घड्यांवर झिजलेला. दहा वाक्यं 'मी'ची, समासात तांबडं बारीक अक्षर, तळाशी "सुधारून पुन्हा पाठव." तिनं तो फाडून टाकला नव्हता. दुसरा कागद नवा कोरा होता, पण वर तारीख एकतीस वर्षांपूर्वीची घातली होती.

"तीर्थरूप बाबांस, सा. न.
पोचले. स्टँडवरून वसतिगृहापर्यंत ट्रंक इतकी जड झाली की वाटेत दोनदा तिच्यावरच बसले. खोलीचं दार उघडलं तेव्हा आत चार खाटा होत्या, तीन भरलेल्या, आणि चौथीवर कुणाचे तरी ओले कपडे वाळत घातलेले. सामान ट्रंकेतच आहे, लावलेलं नाही. दोन मुली माझ्याशी बोलल्या, पण त्या एकमेकींच्या जुन्या मैत्रिणी आहेत आणि त्या कशाला हसतात ते मला कळत नाही. जेवले असं लिहिलं होतं. खरं तर ताट घेऊन बसले आणि तसंच ठेवून उठले. आज आम्हाला वॉर्डात नेलं. कोपऱ्यातल्या खाटेवर एक म्हातारे होते, चष्म्याची काडी तुमच्यासारखीच दोऱ्यानं बांधलेली. त्यांनी पाणी मागितलं, मी दिलं, आणि 'पोरी, हात गार आहे तुझा, बरं वाटलं' असं ते म्हणाले. दुपारी पुन्हा पाणी घेऊन गेले, तर त्या खाटेवर कोरी चादर घातलेली होती. झोप लागत नाही. आईला यातलं काही सांगू नका, ती रडेल. बाबा, मला न्यायला याल का?"

खाली जरा जागा सोडून आजची तारीख घालून लिहिलं होतं:

"साचे मला तेव्हाही येत होते, तुम्हीच शिकवले होते. पण हे लिहिलं असतं तर रडू आलं असतं, आणि शेजारच्या खाटेवरच्या मुली बघत होत्या. म्हणून दहा ठोकळे लिहिले. वाटलं, बाबा ओळखतील. प्रश्नाची जागा तुम्ही बरोबर ओळखली होती. तुमचं पत्र मी तपासलं नाही, तसंच ठेवलं आहे."

काका ते कागद हातात धरून मोठ्यानं रडले. बायको गेली तेव्हा लोक होते म्हणून आवरलं होतं, आता आवरायला कुणी समोर नव्हतं. पाहुणा शेवटी येऊ दे, असं त्यांनी लिहिलं होतं ना? आली होती, ती कोरी चादर. ती चादर एकोणीस वर्षांची पोर मनात घेऊन बसली होती, आणि बाप समासात लांबी मोजत होता.

मग ते उठले. तोंड धुतलं, पिशवीत एक सदरा, औषधं आणि चष्म्याची डबी टाकली, शेजारी किल्ली दिली. खिळेमामांच्या दारावर थाप मारून "जाऊन येतो" म्हणाले. मामांनी कुठे म्हणून विचारलं, तर म्हणाले, "न्यायला."

सात तासांची बस आता पाच तासांत जाते. गुडघा वाटेत तीनदा बोलला, काकांनी त्याचं ऐकलं नाही. दवाखान्याच्या आवारात कर्मचाऱ्यांची घरं एका ओळीत होती, सगळी सारखीच, पण एका दारापाशी लाल सायकल टेकवलेली होती. काकांनी तेच दार वाजवलं.

बबडीनं दार उघडलं. ड्यूटीवरून नुकतीच आली असावी, घड्याळ अजून गणवेशाला टाचलेलं होतं. केसांत बरंच पांढरं होतं. बाबा दारात, हातात पिशवी, एकटेच.

काकांनी सगळ्या वाटेत एक चांगलं, लांब वाक्य जुळवलं होतं. ते आठवलंच नाही.

"न्यायला आलोय," ते म्हणाले. "उशीर झाला."

ती दाराची कड धरून हसायला लागली, आणि हसता हसताच तिचं तोंड लहान मुलासारखं वाकडं झालं. मग तिनं बाबांच्या हातातली पिशवी घेतली, त्यांना खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. तांब्या धरलेला हात खरोखरच गार होता.

"चार दिवसांची रजा मिळेल," ती डोळे पुसत म्हणाली. "जास्त नाही."

"चार दिवस पुष्कळ आहेत."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसमध्ये तिनं खिडकीची जागा घेतली आणि बोलायला लागली. ती ट्रंक, त्या मुली, ते म्हातारे, पहिला पगार, लग्न, आईचे फोन, सगळं उलटसुलट, एकातून दुसरं. कुठलं वाक्य अर्धं राहिलं, कुठलं संपेचना, तीन वेळा तीच गोष्ट आली. बाबा तिच्याकडे वळून बसले होते. मध्येच ते म्हणायचे, "मग?" आणि ती पुढे सांगायची.